दोन पाळ्यांचं मशीन

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार-पाच ओळी येतात आणि खाली उलटे आकडे पळायला लागतात. दहा, नऊ, आठ. पहिली ओळ लिनक्स मिंटची, शेवटून दुसरी विंडोजची. मशीन चालवणाऱ्या या दोन वेगवेगळ्या सिस्टीम, एकाच मशीनवर बसवलेल्या. कुणी बाण हलवलाच नाही तर शून्यावर मिंट आपणहून सुरू होतं. "खटक्यावर बोट ठेवायला दहा सेकंद लई झाली आई, तीन कर की," असं मुलगा दर आठवड्याला म्हणतो. एका फाईलमधला एक आकडा बदलायचा असतो, मला येतो. पण आण्णांना दहाच लागतात. त्यातली निम्मी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणण्यात जातात आणि उरलेल्यांत ते एकेक ओळ बोट लावून वाचतात.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या घरात कॉम्प्युटर एकच आहे आणि माणसं आम्ही तिघं. मी मराठी अक्षरजुळणीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, वर्षातून दोन-तीन पुस्तकं. मुलगा नववीत आहे, त्याचं अर्धं डोकं फुटबॉलमध्ये असतं. आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर टर्नर होते. ते दुपारी तासभर बसतात, पेपर वाचतात, जुन्या कुस्त्या बघतात.

हे मशीन २०१७ साली राजारामपुरीतून जोडून घेतलं होतं. सातव्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, पुढं मुलाच्या हट्टानं एक ग्राफिक्स कार्ड. २०१९च्या महापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडली, तेव्हा आण्णांनी घरातलं सगळ्यात आधी काय माळ्यावर नेलं असेल तर हा सीपीयू. तांदळाचा डबा नंतर. "रोजीरोटीचं यंत्र आधी," एवढंच म्हणाले. म्हणून विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार आणि विंडोज ११ला किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागणार, हे वाचलं तेव्हा मला नुसतं खर्चाचं वाईट वाटलं नाही. चांगलं चालणारं, पुरातून वाचवलेलं मशीन केवळ एका पिढीनं मागं राहिलं म्हणून बाद ठरणार होतं.

मिंट घातलं ते या कारणानं. २२वी आवृत्ती, जिला २०२९पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. माझं बहुतेक काम आता युनिकोडमध्ये चालतं. लिहायला लिबर ऑफिस आहे, चित्रांना इंकस्केप आहे, आणि पानं लावायला स्क्राइबस. आपली जोडाक्षरं धड जुळवणारी स्क्राइबसची स्थिर आवृत्ती २०२४ साली आली, तोवर मी त्याच्याकडं वळूनही बघितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यात "दऱ्याखोऱ्यांतल्या वाऱ्यावर" असं लिहून पाहिलं. ऱ्य नीट उमटला, आडव्या कोयत्यासारखा. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईला एखाद्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला एवढं पुरतं.

मग विंडोज काढून का टाकलं नाही? मुलाच्या फुटबॉलसाठी. कोल्हापुरात फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्या नावानं खेळतात, शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की पेठाच्या पेठा तिथं लोटतात. आणि पाऊस लागला किंवा अभ्यासाचं निमित्त झालं की तीच पोरं आपापल्या घरी बसून ऑनलाइन सामने खेळतात. त्यांचा तो गेम लिनक्सवर चालत नाही. कारण समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. विंडोजसाठी लिहिलेले गेम लिनक्सवर चालवणारा दुभाषा आता चांगला तयार झालाय. वाइन नावाच्या दुभाष्याचं काम १९९३पासून चालू आहे, त्यावरच वाल्व्ह कंपनीनं २०१८ साली प्रोटॉन उभं केलं, आणि २०२२ला आलेला त्यांचा स्टीम डेक हा हातातला गेमिंग कॉम्प्युटर लिनक्सवरच चालतो. एकट्यानं खेळायचे पुष्कळ गेम त्यामुळं विनातक्रार चालतात. घोडं अडतं ते समोरासमोरच्या ऑनलाइन खेळात. तिथं कुणी लबाडी करू नये म्हणून एक पहारेकरी प्रोग्राम असतो, आणि काही गेममधला पहारेकरी थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभाऱ्यात जाऊन बसतो. दुभाषा बोलणं उलगडून सांगू शकतो, पण जो गाभाराच तिथं नाही तो आणणार कुठून? म्हणून असे गेम लिनक्सवर उघडतच नाहीत. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स चालत होता, तोही २०२४च्या अखेरीस बंद झाला.

माझा स्वतःचा गेम मात्र मिंटवर थेट चालतो. रात्री काम संपलं की मी अर्धा तास युरो ट्रक सिम्युलेटर खेळते. पावसात लांबच लांब रस्ता, वायपर चालू, मागं अठरा टन माल. आण्णा कधी कधी शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि वळणावर "गिअर उतरव, उतरव" म्हणतात. तेव्हा काम इकडं आणि खेळ तिकडं अशी काही सरळ वाटणी आमच्याकडं नाही.

दोन्ही सिस्टीम एका मशीनवर बसवल्या त्या रात्री मी आण्णांना हे कसं चालतं ते सांगत होते. एका वेळी एकच जागी असते. जी जागी असते तिला सगळं मशीन आपलंच वाटतं. दुसरी आहे हे तिला जवळजवळ माहीतच नसतं. आण्णा म्हणाले, "म्हणजे दोन पाळ्या."

त्यांच्या वर्कशॉपमध्ये एका लेथवर दोन टर्नर होते. सकाळचे आण्णा आणि दुपारी साडेतीनपासून दुसरा. वर्षानुवर्षं एकाच मशीनवर हात, पण भेट म्हणाल तर गेटवर सायकल धरून दोन मिनिटं, कधी तीही नाही. त्यामुळं सगळा व्यवहार मशीनवर ठेवलेल्या पाटीवर खडूनं चालायचा. कुठला जॉब चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत आहे, किती मापापर्यंत आणलाय, टूलची धार गेलीय का. आण्णा सांगतात, "त्याचं काम माझ्यापेक्षा बेस होतं. पण ज्या दिवशी तो पाटी लिहायचा इसरला, त्या दिवशी माझा जॉब बाद." नंतर वर्षभरात आमच्या कॉम्प्युटरवर जे जे बिघडलं ते बघताना हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवलं. बिघाड मिंटमध्ये नव्हता, विंडोजमध्येही नव्हता. दर वेळी तो पाळी बदलताना झाला.

पहिला प्रसंग साधा. दोन्हींकडून उघडेल अशी एक सामायिक ड्राइव्ह मी ठेवली होती. मुलगा खेळून उठला की मी मिंटमध्ये येई, ड्राइव्ह उघडे, फायली दिसत, पण सेव्ह काही होत नसे. नुसतं वाचा, लिहू नका. मी परवानग्या तपासल्या, केबल काढून घातली. कारण निघालं ते फास्ट स्टार्टअप. २०१२ साली विंडोज ८बरोबर आलेली ही सोय. शटडाऊन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपल्या कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता यावं. अशा अर्धवट झोपलेल्याची ड्राइव्ह लिनक्सला दिसते तेव्हा ते शहाणपणानं तिच्यात काही लिहीत नाही, कारण लिहिलं तर उठल्यावर पहिल्याचा हिशेब चुकेल. आण्णांना सांगितलं तर त्यांनी मान डोलवली. "मशीन बंद केलं न्हाई त्यानं, नुसतं झाकलंय. जॉब चकमध्येच हाय." पॉवरच्या सेटिंगमधली एक टिक काढली आणि प्रश्न संपला.

घड्याळाचं प्रकरण महागात गेलं.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, तीन व्होल्टचा. वीज गेली तरी त्याच्या जोरावर आतलं घड्याळ चालू राहतं. घड्याळ एकच, पण ते वाचण्याच्या रीती दोन. विंडोज आपल्या आधीच्या डॉस या सिस्टीमच्या वळणानं समजतं की त्यात स्थानिक वेळ आहे. युनिक्सच्या घराण्यातलं लिनक्स समजतं की त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे, आणि भारतासाठी साडेपाच तास ते स्वतः मिळवतं. लिनक्स पाळी संपवताना घड्याळ आपल्या रीतीनं लावून जातं, आणि विंडोज उठलं की तेच आकडे जसेच्या तसे वाचतं. रात्री साडेसातला मशीन दुपारचे दोन दाखवतं.

मला हे दिसलं होतं. मुलानंही सांगितलं होतं. मी म्हटलं, भिंतीवर घड्याळ आहे की.

मग एका लग्नपत्रिकेचं काम आलं. मिंटमध्ये सातच्या सुमारास पीडीएफ काढून नजरेखालून घालायला पाठवली. फोन आला, मुलीच्या मामांचं आडनाव चुकलंय, आणि गणपतीखालचा श्लोक त्यांच्या थोरल्या मुलीच्या पत्रिकेत होता त्याच अक्षरांत हवा. तो जुना फॉन्ट युनिकोडच्या आधीचा, त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर. मशीन रीस्टार्ट केलं, श्लोक बसवला, आडनाव सुधारलं, साडेसातला नवी पीडीएफ काढली आणि परत मिंटमध्ये आले. फायलींच्या नावांवर माझा कधीच भरवसा नसतो, कारण प्रत्येकीचं नाव "अंतिम" असतं. मी तारीख-वेळेनुसार यादी लावली आणि सगळ्यात वरची फाईल छापखान्यात पाठवली. सात वाजताची फाईल वर होती. साडेसातची तिच्या खाली होती, तिच्यावर दुपारच्या दोनचा शिक्का होता.

तीनशे पत्रिका चुकीच्या आडनावानं छापून आल्या. कागद सोनेरी किनारीचा. मी त्या दुसऱ्या दिवशी माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिल्या, पण खर्चाचं राहू द्या, त्या मामांच्या हातात पहिली पत्रिका पोचली होती आणि त्यांनी ती नुसती उलटी करून टेबलावर ठेवली, हे मुलीच्या वडिलांनी मला सांगितलं. अक्षरं जुळवणाऱ्या माणसाच्या हातून माणसाचं नाव चुकावं यासारखं दुःख नाही.

विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या वहीत, रिअल टाइम इज युनिव्हर्सल अशी एक नोंद करून तिच्यापुढं १ लिहिलं की विंडोजही ते घड्याळ जागतिक वेळेनं वाचायला लागतं. पाच मिनिटांचं काम. मी ते चार महिने पुढं ढकललं होतं.

त्या दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव होता, ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि तीन दिवसांत चरणांपासून चेहऱ्याकडं चढत जातात. गर्दीत उभी असताना सगळ्यांबरोबर मीही सारखी मनगटाकडं बघत होते. आपलं हे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, मिर्झापूरकडचं. कोल्हापूरचा सूर्य त्याच्या अर्ध्या तासाहून थोडा जास्तच मागं चालतो. आत किरण पोचला की नाही याचा निवाडा मनगट करत नाही, सूर्य करतो. आपणही दोन वेळा सांभाळतोच की. फक्त कुठली कुणाची हे आपल्याला ठाऊक असतं.

आता तिसरा प्रसंग. तो जानेवारीतला.

मुलाच्या गेमला जागा कमी पडत होती. रात्री मी झोपल्यावर त्यानं विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथं सगळ्या पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, पट्ट्या ओळीनं दिसतात. सी, त्यावर विंडोज. डी, सामायिक. आणि मध्ये एक शंभर जीबीची पट्टी, नाव नाही, अक्षर नाही, पुढं लिहिलेलं, शंभर टक्के मोकळी. त्यानं ती डिलीट केली. मग उशीर झालाय म्हणून पुढचं सकाळी करू असं ठरवून झोपला. त्या झोपेनं आम्हाला वाचवलं.

सकाळी मी बटण दाबलं. यादी आली नाही, उलटे आकडे आले नाहीत. काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात ग्रब एवढाच शब्द, एक बाणाचं टोक आणि उघडमीट करणारी रेघ. यादी दाखवणाऱ्या ग्रबची उंबऱ्यावरची चिठ्ठी शिल्लक होती, पण ज्या घराचा पत्ता तिच्यात होता ते घरच नव्हतं. त्या घरात एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचं पुस्तक होतं. दोनशे बारा पानं, दुसऱ्या प्रुफाच्या दुरुस्त्या घातलेली, आणि माझी शेवटची बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीची.

मुलगा उठून आला, पडदा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "त्यात काय नव्हतंच आई. शंभर टक्के मोकळं दाखवत होतं." तो खोटं बोलत नव्हता. विंडोजला लिनक्सची फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची रीत, वाचता येत नाही. आणि जे वाचता येत नाही ते त्या खिडकीत मोकळं म्हणून दिसतं.

मला आमची आजी आठवली. तिच्या लाकडी पेटीत मोडीतल्या कागदांचे तीन रुमाल होते. घरात मोडी येणारं शेवटचं माणूस गेल्यावर दोन रुमाल कुणीतरी रद्दीत घातले, कारण नुसत्या रेघोट्या, त्यात काय असणार? तिसरा केवळ पेटीच्या तळाशी होता म्हणून उरला. पुढं मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी तो वाचला, तर त्यात पणजोबांच्या विहिरीतल्या हिश्शाचा कागद निघाला. गावोगावच्या घरांतून असे किती रुमाल गेले असतील. लिपी न येणाऱ्याला भरलेला कागदही कोराच दिसतो. पोराला मी रागावणार कोणत्या तोंडानं?

आण्णा तेवढ्यात देवपूजा टाकून बाहेर आले. त्यांना पार्टिशन माहीत नाही, डिस्क माहीत नाही. पण त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, "आता मशीनला कुणी हात लावू नगासा. चालू-बंद करत बसू नको. आधी बघ काय झालंय." यापेक्षा योग्य सल्ला कुणी दिला नसता. पार्टिशन डिलीट होतं तेव्हा पुसली जाते ती फक्त अनुक्रमणिकेतली नोंद. पानं जागच्या जागी असतात, जोवर त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर.

शेजारच्या घरातल्या लॅपटॉपवर मी पेनड्राइव्हवर मिंट उतरवलं, त्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि टेस्टडिस्क चालवलं. ते डिस्क टोकापासून चाळतं आणि पूर्वी कुठं कुठलं पार्टिशन सुरू होत होतं याच्या खुणा शोधतं. आकडे हळूहळू सरकत होते. मुलगा उभा, आण्णा खुर्चीत, मी स्टुलावर. चहा तिघांचाही गार झाला. वीसेक मिनिटांनी हिरव्या रंगात एक ओळ उमटली, लिनक्स, शंभर जीबी. आत डोकावून बघता येतं. बघितलं. पुस्तकाचं फोल्डर दिसलं. नोंद परत लिहायची आज्ञा दिली, पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं.

दहा, नऊ, आठ.

आण्णांनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला आणि सगळ्या ओळी वाचल्या.

त्यानंतर मी मिंटसाठी वेगळी एसएसडी आणली. आता दोघांच्या दोन डिस्क आहेत, कुणी कुणाच्या घरात पाय ठेवत नाही. बॅकअप रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर होतो. डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत दिसणाऱ्या प्रत्येक पट्टीचं नाव मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय आणि बिननावाच्या पट्टीपुढं लिहिलंय, "आईचं. भरलेलं आहे."

आणि सामायिक ड्राइव्हवर एक साधी फाईल ठेवली, तिचं नाव "पाटी". दोन्हींकडून उघडते. पूर्वी असं काही केलं असतं तर मिंटमध्ये लिहिलेल्या सगळ्या ओळी विंडोजच्या नोटपॅडमध्ये सलग एकीला एक चिकटून दिसल्या असत्या, कारण ओळ संपली हे सांगायला विंडोज दोन खुणा वापरतं आणि लिनक्स एकच. टंकलेखन शिकताना मी ज्या मशीनवर बसायचे त्यावर दांडा ओढला की कागद एक ओळ वर सरके आणि गाडी डावीकडं परत जाई. या त्या दोन हालचाली. विंडोजनं दोन्ही जपून ठेवल्या, युनिक्सवाल्यांनी एकीवर भागवलं. २०१८पासून नोटपॅडलाही एका खुणेची ओळ समजते. आमच्या पाटीच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय झाली.

पाळी संपवताना प्रत्येकानं एक ओळ लिहायची, एवढाच नियम. मुलगा पहिल्यांदा कंटाळला, आता आपणहून लिहितो. आज सकाळी मी बसले तेव्हा पाटीवर खालच्या तीन ओळी होत्या. माझी कालची, पुस्तकाची पान १४०पर्यंत दुरुस्ती झाली म्हणून. मग मुलाची, "गेमचा अपडेट झाला. तीन-एक जिंकलो. पूर्ण बंद केलंय, झाकलेलं नाही." आणि त्याखाली आण्णांची. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकाच्या कळा ते एका बोटानं शोधतात, त्यामुळं या ओळीला त्यांना बराच वेळ लागला असणार.

"दुपारी ३ ते ४. कुस्ती बघितली. पंख्याचा आवाज येतो आहे, धूळ असेल. रविवारी उघडू. मशीन पुसून ठेवले आहे."